चेन

भिलवडीच्या जत्रेत, तंबूत, दोन रुपयांत
मगरमाणूस आला:
रबरी शेपूट, बल्बाचे डोळे,
पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन,
अर्धी उघडी; आत पट्ट्यापट्ट्यांचा बनियन.

हिरॉइन आधी किंचाळली, तो मागून आला.
रीळ तुटलं, तेव्हा यासीनभाईंनी
तोच खून पुन्हा दाखवला, फुकट.
आम्ही हसून हसून लोळलो.

घरी जाताना नदीकाठची वाट.
खरी मगर तिथं रोजचीच,
धुण्याच्या दगडापलीकडं ओंडक्यागत पडलेली.
तिला कोण भितंय,
आई तिला 'सरक गं' म्हणायची.

पण उसात काहीतरी सळसळलं
आणि सुभान्या कुजबुजला,
"थांब. चेन वाजली."

माझी डावी चप्पल तिथंच राहिली.
सकाळी उजेड पडल्यावरही
आणायला कुणी गेलं नाही.