नावात बदल

येलदरीच्या पाण्यावर यंदाही तलवार बदकं उतरली,
हरभरा टीचभर असताना.
एकही आजारी दिसत नव्हतं.
त्यांच्या पोटात तो सोयऱ्यासारखा राहतो,
घरच्यांना त्रास नाही, त्याला घाई नाही.

भोपाळहून आलेला अहवाल दोन पानी.
पहिलं पान सगळ्यांनी वाचलं.
दुसरं मी,
स्कुटीच्या सीटवर कागद ठेवून:
मागच्या साथीतल्या विषाणूशी जुळत नाही,
काट्याच्या टोकाशी चार जागी बदल.

नक्कल तपासणारं त्याच्याकडं कुणी नाही.
तहसीलमधल्या रोजंदारीच्या पोरासारखा
रात्रभर उतरवत बसतो,
चुकतो, खोडत नाही.
बहुतेक चुका जागच्या जागी मरतात.
एखादीच अशी निघते
की ओळखीचं रक्त समोरून जातं
आणि रामराम करत नाही.

कधी एकाच पेशीत दोघं मुक्कामाला येतात,
एक पाण्यावरचा, एक खुराड्यातला.
दोघांचे आठ-आठ तुकडे,
उसवून टाकलेल्या दोन वाकळी जशा.
पहाटे टाके पडतात तेव्हा
कुणाचं ठिगळ कुणाकडं गेलं, विचारू नये.

धुरपताबाईकडं बावीस कोंबड्या, एक कोंबडा.
एक खुडूक, अंड्यांवर बसलेली.
"काहून मारायलाव, ताई? दाणे टिपायल्यात की."
मी म्हणाले, एक किलोमीटरच्या आत सगळ्या.
"कुठून मोजायलाव?"
मोजायचं असतं पोल्ट्रीच्या शेडपासून.
माझा हात धरणाकडं गेला.

गॉगलला आतून वाफ धरलेली.
खुडूक कोंबडी शेवटी काढली,
हातमोज्यातून तिची ऊब कोपरापर्यंत आली.
मग चुना, मग माती,
मग कागद.

रेशनकार्डावर धुरपता.
आधारवर द्रौपदा.
पासबुकात दुर्पदी, आडनावाचा काना गायब.
संगणक म्हणाला, नाव जुळत नाही.
भरपाई थांबली.

जिंतूरला शंभराच्या कागदावर शपथपत्र केलं:
वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मीच आहे.
अंगठा उठेना. पदराला पुसून पुन्हा लावला.
साक्षीदार म्हणून मी सही केली.

परतताना स्कुटीवर मागं बसून तिनं विचारलं,
"त्या रोगाचं नाव काय म्हन्ले?"
एच पाच एन एक.
"अन् मागल्या टायमाला आल्ता, त्याचं?"
तेच.
"मग बदललं काय?"
नाव तेच आहे मावशी, आतून बदललाय.

चारठाण्याच्या फाट्यापर्यंत ती काही बोलली नाही.
उतरताना चपला झटकल्या, पिशवी सावरली.

"बरंय त्याचं," म्हणाली.
"त्याचं काम अडत नसंल कुठं."