भोपळ्यातली संध्याकाळ

हरिपुरात पेव उघडायचं तर आधी कंदील सोडतात खाली.
विझला, तर माणूस उतरत नाही.
कलगोंडानं तीनदा सोडला, तीनदा विझला.
मग म्हणाला, "हवा बरी हाय, आतला अंधारच लई जुना हाय,"
आणि कमरेला दोर बांधून गेला.

हळदीच्या थरांखाली, पणज्यांनी शेणामातीनं लिंपून ठेवलेली
एक संध्याकाळ होती.
तिकडं जतेला सात वर्षं सूर्य डोक्यावरनं हलला नव्हता.
मायाप्पा तिथला. त्याची मेंढरं उभ्या उभ्या झोपायला शिकली होती,
आणि पोरं विचारायची, दिवेलागण म्हणजे कुठलं गाव?

नसीमानं मिरजेहून भोपळा आणला,
तंबोऱ्यासाठी वाळवलेला, अजून तार न पाहिलेला.
त्यात संध्याकाळ ओतली, तोंड मेणानं बुजवलं.
कान लावला की आत
गुरं घरी येत होती.

मी आंब्याची लेक. माझं काम पाण्यापुरतं:
संगमावरनं म्हैसाळपर्यंत नाव न्यायची, आणि माघारी फिरायचं.
अंकलीच्या पुलाखाली मगर आडवी आली.
पाठीवर तिच्या एकेका पुराची रेघ.
म्हणाली, जकात एक नाव. लाकडाची नको, हाकेची.
आई मला ज्या नावानं हाक मारायची ते मी दिलं.
आता ते मला आठवत नाही.
आई घाटावर उभी राहून हाक मारते
तेव्हा मगर वळून बघते.

मग माघारी कशाला फिरू?

दंडोबाच्या कड्याशी रात्र संपली.
संपली म्हणजे, कापडाची किनार संपावी तशी. पुढं नुसती दुपार.
पाच दिवस (दिवस कसले, भाकरी मोजायच्या) चाललो.
पाण्यावरनं भांडलो. नसीमानं मायाप्पाला लोटा फेकून मारला,
आणि मग त्याच लोट्यानं त्याच्या कपाळाला पाणी लावलं.
झोप कुणालाच नाही.

एकदा सगळे डोळ्यांवर फडकं टाकून पडले होते,
तेव्हा मी आकड्यानं मेण टोचलं
आणि भोकाला नाक लावलं.
ओल्या वैरणीचा वास, कुठंतरी चूल, वटवाघळं.
मी झोपले. पोटभर.
जागी झाले तर कलगोंडा अंगठ्यानं मेण दाबत होता.
बोलला काही नाही. अंगठा तेवढा सांजावला होता त्याचा.

अग्रणीच्या कोरड्या पात्रात दुपारचे राखणदार,
तोंडं घासलेल्या तांब्यांसारखी, पायाशी सावली नाही.
"चौघातली एक सावली ठेवा."
आम्ही एकमेकांकडं बघतोय तोवर
कलगोंडानं धोतर सोडावं तशी सोडली,
घडी घालून वाळूत ठेवली.

बिनसावलीचा माणूस उन्हात टिकत नाही.
पहिल्या भाकरीला त्याच्यातून बाभळ दिसायला लागली.
दुसरीला नुसता वहाणांचा आवाज.
शेगावच्या अलीकडं तोही थांबला.
मायाप्पा तरी चारच भाकऱ्या काढत राहिला,
उरलेली पुन्हा फडक्यात बांधत.

वाड्यावर पोचलो. मेण काढलं.
भोपळ्यातनं आली ती संध्याकाळ
मेंढरांचं आवार, तीन बाभळी आणि एक विहीर,
एवढीच.
एका पोरीनं विचारलं, "हे काय सांडलं?"
एकेक मेंढरू गुडघे मोडून बसलं.
मायाप्पाच्या चुलतीला काडेपेटी सापडेना,
कुठं ठेवली होती, कुणाला माहीत, सात वर्षं झाली.

आम्ही तिघं कुंपणापाशी उभे.
सावल्या लांबत गेल्या उगवतीकडं,
चार.
चौथीच्या हातात कंदील होता,
विहिरीत सोडत होती सावकाश,
विझतो का बघत.

"पुढच्या खेपेला मोठा भोपळा लागंल," नसीमा म्हणाली.
"हा भरलेला होता की गं. एवढीच कशी निघाली?"

मी मेंढरं मोजत राहिले.