खुंटाची जागा

पंप बिघडला म्हणून आइसलंडच्या एका बंदरात
आमचं जहाज अकरा दिवस पडून होतं.
मी सेकंड इंजिनियर. हात काळे, काम नाही.
एका मेंढपाळाने मला ट्रॅक्टरवर घेतलं
आणि त्याच्या कुरणात नेऊन उभं केलं.
इंग्रजी त्याचं मोडकं, माझंही मोडकंच.
म्हणाला, इथे.
बुटाच्या टोकाने एक दगड दाखवला.
इथे तो पडला. भाऊ त्या ओढ्याकडून आला.
आई तिकडे, दारात, हातात दुधाचं भांडं.
हजार वर्षांपूर्वीची गोष्ट,
आणि हा आवाज खाली करून सांगत होता,
शेजारच्या घरात अजून सुतक असावं तसा.

त्या दगडाभोवतीचं गवत तो कापत नाही.
का, विचारलं. खांदे उडवले.

वारा फिरला की जमिनीतून वाफ यायची,
कुजक्या अंड्याचा वास.
मी म्हटलं, हा तर आमच्या माहूलचा वास.
दांड्यांवर मासे वाळत होते, तेही आमचेच.
मग तुमच्याकडची सांग, म्हणाला.
मला सांगता येईना.
घरात ऐकलेली एक होती,
पण जिथे घडली तिथे उभं करून
मला ती कोणी सांगितली नव्हती.

निवृत्त झालो तसा एका दुपारी निघालो.
नातू म्हणाला, ऊन आहे, तुम्ही जा.
जेट्टीवरून उजवीकडे, तिवरांच्या कडेने,
पाइपलाइनीखालून वाकून.
आजोबांच्या हिशोबात देवळापासून नऊशे पावलं, ओहोटीची.
चिखलातलं पाऊल सिमेंटवर किती भरतं, कोण सांगणार.
आठशे ब्याण्णवला गेट लागलं.
गजांतून पाहिलं: पांढऱ्या टाक्या, टाक्यांवर आकडे,
आणि आठव्या पावलावर
लाल प्लास्टिकच्या खुर्चीत एक माणूस.
बिल्ल्यावर मडावी. गडचिरोलीचा.
पास?
पास नाही, म्हटलं. गोष्ट आहे.

पोसू नावाचा माणूस होता. नागू तांडेलाचा मुलगा,
नागू हा एकडोळ्या बाळकूचा, बाळकू उरणहून आलेला.
पोसूची बहीण हिरूबाई. तिचा नवरा कमळ्या वैती,
बोलायला कमी, पोहायला बरा.
दोघांच्या डोली एकाच खाडीत, खुंट बारा वाव अंतरावर.
एका उधाणाने पोसूचा खुंट उपटला.
पोसूने तो परत रोवला, सहा वाव पुढे.
कमळ्या म्हणाला, खुंट तुजा, पानी माजं.
पोसू म्हणाला, पान्यावर नाव लिवून दाखव.
लोक म्हणाले, हे बोलणं महाग पडणार.
भाऊबीजेला पोसू बहिणीकडे जेवला.
तिने दोघांना सारखं कालवण वाढलं.
ताटावर कोणी बोललं नाही.
तिसऱ्या पहाटे, ओहोटीला, पोसू गुडघाभर चिखलात
खुंट ठोकत असताना कमळ्या कोयता घेऊन आला.
पहिला वार खुंटाला लागला.
दुसरा नाही.
हिरूबाई काठावर होती. तिने हाक मारली.
कोणाच्या नावाने, ते आमच्या घरात सांगत नाहीत.

मंग? मडावी म्हणाला.

मग कमळ्या होडीत बसला.
होडी दुसऱ्या दिवशी घारापुरीला लागली, रिकामी.
हिरूबाईने दोन्ही डोली विकल्या.
तिच्या पोटात तेव्हा माझे आजोबा होते.

टँकरने हॉर्न दिला. मडावीने गेट उघडलं,
वहीत नंबर लिहिला, वेळ लिहिली, गेट लावलं.
परत आला, पण बसला नाही.
सिमेंटकडे बघत राहिला. तिथे काहीच नव्हतं,
डिझेलचा एक डाग, एक विझलेली बिडी.
मग त्याने खुर्ची उचलली
आणि दोन हात पलीकडे ठेवली.
तिथे ऊन होतं.