जाऊन येण्याचा वेळ

सारेमा बेटावर, एप्रिलच्या शेवटी,
बोरूच्या बनात तीयूने पाच डबे उभे केले.
प्रत्येकात पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक,
एक मायक्रोफोन,
आणि दमट हवेवर उपाय म्हणून तांदळाची पुरचुंडी.

वीज गेली की हे डबे वेळ विसरतात.
पुन्हा जागे झाले की छातीठोक सांगतात,
आज एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
तीयू वाद घालत नाही.
तेव्हा माझा जन्मही नव्हता, म्हणते,
मी काय सांगणार.

हूप हा पक्षी दिसत नाही.
ऐकू येतो फक्त,
रिकाम्या बाटलीच्या तोंडावर
कुणी दुरून फुंकर घालावी तसा.
पाच डब्यांनी तो पाच वेगळ्या क्षणी ऐकायचा,
मग त्या क्षणांच्या फरकांतून त्याची जागा निघते.
एक मिलिसेकंद चुकला, तर पक्षी फूटभर सरकतो.
तीन सेकंद चुकले, तर किलोमीटरभर,
थेट समुद्रात.
आपण पळ, विपळ, निमिष, एवढे शब्द करून ठेवले
आणि निघताना म्हणत राहिलो, आलोच घटकाभरात.

एंडेलच्या सौनाच्या छपरावर अँटेना आहे.
तिला आकाशातून वेळ मिळते,
म्हणून तिच्याखालचा डबा थोरला.
धाकटे दर सोळा सेकंदांनी त्याला विचारतात,
किती वाजले?

जेवणानंतर तीयूने एंडेलला समजावलं,
ताटात माशाचे काटे मांडून.
हा काटा, प्रश्न निघाला तेव्हाचा.
हा, थोरल्याने ऐकला तेव्हाचा.
हा, त्याने उत्तर धाडलं तेव्हाचा.
हा, उत्तर पोचलं तेव्हाचा.
थोरल्याने विचार करण्यात घालवला तेवढा वजा करायचा,
उरला जाऊन येण्याचा वेळ.
त्याला दोनाने भागायचं.

"म्हणजे जायला आणि यायला
सारखाच वेळ लागतो?"
"तसं धरून चालायचं. नाहीतर गणित सुटत नाही."

एंडेलने एक काटा उचलला,
ताटाच्या पार कडेला नेऊन ठेवला.
"हेइनो. माझा थोरला भाऊ.
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात
या मागच्याच खाडीतून होडीने स्वीडनला गेला.
जायला दोन रात्री.
यायला एकोणपन्नास वर्षं.
भाग दोनाने."

तीयूने भागलं नाही.

हेइनो आला तो एका उन्हाळ्यापुरता.
मनगटावर स्टॉकहोमचीच वेळ, तासभर मागे.
एंडेलची कॉफी पिऊन व्हायची
तेव्हा हा डोळे चोळत विचारायचा, इतक्या लवकर?
कुणी कुणाच्या घड्याळाला हात लावला नाही.
एंडेल रोज थोडी उशिरा चूल पेटवू लागला.
हेइनो रोज थोडा आधी उठू लागला.
ऑगस्टमध्ये केव्हातरी
दोन्ही कप एकदम वाफाळले,
आणि त्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

"डब्यांचंही तसंच," तीयू म्हणाली, काटे गोळा करत.
"घड्याळ एकदम मागे ओढायचं नाही.
घडून गेलेलं पुन्हा घडतंय असं होतं.
सेकंद किंचित लांबवायचे. कुणाला कळू नये इतके."

रात्री अडीचला हूप बोलला. तीनदा.
नकाशावर ठिपका उमटला.
एंडेलने संध्याकाळीच खिडकीतून बोट दाखवलं होतं,
तीयूने ती दिशा, ते अंतर वहीत लिहून घेतलं होतं.
फरक अकरा मीटर.
"पक्षी हलला असेल," एंडेल म्हणाला.

पक्षी हलला नव्हता. चौथा डबा बहकला होता.
त्याचं तोंड पूर्वेला;
दिवसभर उन्हात तापतो, रात्री गारठतो,
आणि थोरल्याचं ऐकता ऐकता
आपलंच काहीतरी मोजत बसतो.

सकाळी तीयू उठली तेव्हा
गुडघाभर पाण्यातून एंडेल परत येत होता.
चौथ्या डब्यावर एक जुनी टोपी होती,
आतल्या पट्टीवर
स्वीडनमधल्या कुठल्याशा दुकानाचं नाव,
अर्धंअधिक पुसलेलं.