दिवा तिरका धर

हात धुतलेस? पुन्हा धू, एल्मेर. कोपरापर्यंत.
साबण नको, त्याचा उरलेला थेंबही त्यांना सोसत नाही.
आता बस इथे, या पालथ्या बादलीवर,
आणि दिवा तिरका धर.
वरून पाहिलं तर सगळेच मासे निरोगी दिसतात.

ही शिरुई. बोटाएवढी.
खवले नाहीत हिला, हाडाच्या पट्ट्या आहेत,
कौलं शाकारावीत तशा एकीवर एक.
पोट मात्र उघडं.
आपण कौलं न्याहाळत बसतो,
दुखणं खालच्या दारानं आत गेलेलं असतं.

आधी मिशा बघ.
नानाय नदीतून आली तेव्हा लांब होत्या,
वाळूत काय पुरलंय ते मिशांना आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.
आता आखूड, झिजल्या टूथब्रशसारख्या.
म्हणजे तळ घाण आहे.
म्हणजे चूक तुझी-माझी.
कपाटाकडे कुठे पळतोस?
नळी घे. गाळ ओढ. तिसरा हिस्सा पाणी बदल.
निम्मी दुखणी इथेच उतरतात,
उरलेल्या निम्म्यांसाठी आपला पगार.

हवेचा घोट घ्यायला वर येते, ते असू दे,
तिच्या आईचीही तीच खोड.
पण घोटामागून घोट, आणि कल्ले असे लगबगीनं?
मोज. मोठ्यानं मोज.

जाळीत धरू नकोस, काटे अडकतात.
काचेच्या मगात घे, खालून दिवा लाव.
दिसलं? पोटावर, कातडीखाली,
कुणी चिमटा काढल्यासारखं लाल.
एकीला दिसलं की टाकीतल्या चारशे आजारी धर.

आणि ही तोंडाजवळची पांढरी लव.
काय वाटतं तुला?
बुरशी.
हं. मलाही वाटली होती.

सहाशे होत्या. दोन आउरेलियो अवानारींनी आणलेल्या,
दोन दिवस होडीत, दर तासाला पाणी हलवत.
मी बुरशीचं निळं औषध ओतलं, आणि वर ऊब दिली,
तापलेल्या लेकराला पांघरूण घालतात तशी.
ती लव जिवाणूंची होती, एल्मेर.
ऊबच हवी होती त्यांना.
सकाळी झाकण उघडलं
आणि पाणी दिसेचना.
माझी नखं आठवडाभर निळी होती.

म्हातारा भांडला नाही. पैशांचंही बोलला नाही.
एवढंच विचारलं, पाणी किती गरम होतं?
एकतीस, म्हटलं.
पुढच्या खेपेला माशांबरोबर एक कॅन वेगळा आणला,
केळीच्या पानात गुंडाळलेला, सावलीत जपलेला,
ओढ्याचं नुसतं पाणी.
माझा हात धरून आत बुडवला
आणि धरूनच ठेवला,
मला गार वाटेपर्यंत.

म्हणून आजही हीटर काढलाय. हवेचे दगड दोन जास्त.
फिल्टरमधला कोळसा काढ, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो.
मात्रा लिटरवर मोजायची, अंदाजानं नाही.
टाकी किती लिटरची? वाळू धरून की वाळू सोडून?
बघ, इथेच चुकतं.
मीठ नको, या अंगाला चरचरतं.
आणि चौथ्या दिवशी त्या चरायला लागल्या, खेळायला लागल्या,
तरी थांबायचं नाही.
डबीवर लिहिलेत तेवढे दिवस.
अर्ध्यात सोडलेलं दुखणं शहाणं होऊन परत येतं.

पाचला लिमाचं विमान आहे, ठाऊक आहे मला.
साठ खोकी. लेबलंसुद्धा चिकटवलीत.
सेन्योर पोर्तोकारेरो म्हणतील, पिशवीत गोळी टाक आणि पाठव,
तिकडे मेल्या तर तिकडच्या.

कुणीतरी जाऊन सांगायला हवं
की सात नंबरची टाकी जाणार नाही.
तू नको. तुला अजून महिना झाला नाही.

मी जाते.
तू इथेच थांब, मोजत राहा,
आणि दिवा,
तिरका.