दुसरं माप

धंतोलीत, त्याच खुर्चीत, चार वर्षांनी.
डॉक्टर पडद्यावर पोट दाखवतात माझं:
शिवून अरुंद केलेली पिशवी
सैल पडलीय, धुतलेल्या बाहीसारखी.

चूक कुणाची, विचारायचं होतं.
विचारलं, जेवण कधीपासून बंद?

बाहेर कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास.
नलूवन्सं डबा उघडत नाहीत माझ्यासमोर,
पण सांबारवडीचं तेल
कागदातून बोलतंच.

मागच्या खेपेला जुने ब्लाऊज
वाटून टाकले होते हौसेनं.
परत कसे मागणार?
नवे शिवले. गणवीर टेलर काही बोलला नाही,
टेप मात्र दोनदा लावली त्यानं.

आता सही करते.
बारीक झालेच, तर काही फेकणार नाही.
गणवीरला सांगेन,
आत घे, पण कापू नको,
शिलाईत माया राहू दे.