पाचशे शब्दांत

अर्जाचा सातवा रकाना विचारतो:
वातावरण आणि अवकाश भौतिकीच का?
पाचशे शब्दांत सांगा.

विट्यात आमच्या गल्लीत चोवीस माग.
इथं कुणी वाक्य पुरं करत नाही,
समोरचा ओठ बघून उरलेलं समजून घेतो.
सोमवारी मात्र वीज नसायची,
आणि शेजारच्या घरातला चमचा पडलेलाही ऐकू यायचा.

तसल्या एका सोमवारी, मी दहा वर्षांची,
बाबांनी स्टुलावर रेडिओ ठेवला.
आकाशवाणी सांगली. बाजारभाव.
सूर्य सूतगिरणीच्या चिमणीमागं उतरला
आणि हळदीचा दर अर्धवट सोडून
आत एक माणूस शिरला,
कुठल्याशा भाषेत घाईघाईनं बोलत.
बाबांनी रेडिओला चापट मारली. तो गेला नाही.
मी विचारलं, दिवसा का नाही येत हा?
बाबा म्हणाले, "आला असंल, वाट चुकून."

पुढं कॉलेजात मुल्लाणी सरांनी फळ्यावर
पृथ्वीचा एक कंस काढला,
वर खडूनं पुसट रेघ:
दिवसाउजेडी हा थर लहरी गिळतो,
ऊन उतरलं की विरून जातो.
मग त्याच्याही वरचा थर उघडा पडतो,
आणि हजार मैलांवरचा आवाज
त्याला धडकून खाली येतो.
सगळा वर्ग लिहून घेत होता.
मी वहीचं टोपणही उघडलं नव्हतं...
वहीला टोपण नसतं, पेनाला असतं,
पण त्या दिवशी मला दोन्हीतला फरक कळत नव्हता.
म्हणजे तो वाट चुकला नव्हता.

शिक्षणातील खंड: सहा वर्षं. कारण?
चौकोन चाळीस अक्षरांचा.
भाऊ गलईच्या कामाला नेल्लोरला गेला,
जॉबर टिकेना, बाबांचे गुडघे गेले,
हे काही मावेना.
लिहिलं: घरचे माग.
पाच अक्षरांत सहा वर्षं बसली.

शोधनिबंध: निरंक.
परिषदा: निरंक.
फोटो: दोन्ही कान दिसतील असा.

तहसीलबाहेर शंभराच्या मुद्रांकावर
शपथेवर लिहून दिलं,
की खंडकाळात मी अन्यत्र कुठंही
शिक्षण घेत नव्हते.
सही करताना हात अडला.
कारण मागाच्या उत्पादनवहीत
डाव्या पानावर रोजचे मीटर आहेत
आणि उजव्या पानावर
वेळ, काटा कुठं, आवाज किती स्वच्छ,
आज आकाशात ढग होते का,
सहा वर्षं, एकही सोमवार न चुकवता.
खोटी शपथ आहे ही, वकीलसाहेब.
ते म्हणाले, पुढचा नंबर.

जोडपत्र फक्त एक, दोनशे केबीच्या आत.
मी ग्रहणाचं पान काढलं.
त्या सकाळी गल्लीतले सगळे माग बंद,
आत्यानं पिठाच्या डब्यावर तुळस ठेवलेली,
आणि मी गच्चीवर, कानाला रेडिओ.
ऊन आजारी माणसासारखं पांढरं झालं,
चिमण्या गप्प.
नऊ सतराला तो आला.
भर दिवसा!
नऊ अठ्ठावीसला गेला,
कुणी दंड धरून बाहेर न्यावं तसा.

झेरॉक्सवाल्या पडवळच्या पोरानं
डावं पान कातरायला घेतलं.
मी म्हटलं, असू दे.
तिथं माझ्याच अक्षरात होतं:
मीटर शून्य. ग्रहण.

शुल्क दोनदा कापलं गेलं, पावती एकदाही आली नाही.
रात्री सरांना मिरजेला फोन केला,
शिफारसपत्राची आठवण द्यायला.
ते म्हणाले, कधीच पाठवलं.
मग जरा थांबून,
"काय गं, तो बोलायचा काय, ते कळलं का कधी?"

तेवढ्यात वीज आली,
चोवीस माग एकदम सुरू झाले
आणि मी 'नाही' म्हटलेलं
सरांना ऐकू गेलं की नाही,
कोण जाणे.

सातवा रकाना अजून कोराच आहे.
मुदत उद्या पाचपर्यंत.
उद्या सोमवार.